नववा व्हॉल्व्ह

कात्रज, पुणे
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

प्रिय गोपाळ,

‘गोपाळराव, आपण कसे आहात’ असं लिहून दोन कागद फाडले. ज्याच्या डब्यातली भाजी बावीस वर्षं खाल्ली त्याला ‘आपण’ लिहायला माझं पेन तयार होईना. तेव्हा अरे-तुरेच चालू ठेवतो. राग आला तर तूही फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड. तुझा नमस्कार आणि माझा जय भीम, दोन्ही पोचले असं समज.

फोन केला नाही, कारण तू ठेवला असतास. कात्रजहून सदाशिव पेठेला एक बस लागते आणि मला ती एकोणतीस वर्षं सापडली नाही, त्याबद्दल आज बोलत नाही. आज जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार? राधाला सांगून बघितलं. ती म्हणाली, "अहो, मध्ये एकदा श्वास तरी घ्या."

तर ऐक. घाटाच्या अलीकडे एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या गोदामात तीन जुन्या पेट्या निघाल्या. कुण्या संस्थानिकाच्या घरातून कधीतरी आलेल्या, कुणी उघडल्याच नव्हत्या. आत विमानाचं इंजिन. नऊ सिलिंडरचं, चांदणीसारखं गोल मांडलेलं, शंभर वर्षांचं होत आलेलं. गोपाळ, आपण दोघांनी वर्कशॉपच्या भिंतीवर ज्याचं चित्र लावलं होतं ना, त्याच जातीचं. पाणी नाही, रेडिएटर नाही, गळायला नळी नाही. नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं.

तिथल्या प्राध्यापिका आहेत तनया म्हणून, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. हातानं व्हॉल्व्ह घासणारा कुणी जिवंत आहे का, असं विचारत विचारत माझ्या दारात आली. मी अजून जुन्या मोटारसायकलींचे व्हॉल्व्ह घासून देतो, त्यावरून पत्ता लागला. तिचा बेत असा : हे इंजिन जमिनीवर लोखंडी चौकटीत बसवायचं, पुढे लाकडी पंखा लावायचा आणि न थांबवता साडेतेहतीस तास चालवायचं. साडेतेहतीसच का, हे तुला सांगायला नको. शंभर वर्षांपूर्वी एकट्या माणसानं अख्खा अटलांटिक ओलांडला तो तेवढ्या वेळात. त्याच्या आधी किती निघाले आणि पाण्यावरच नाहीसे झाले. हिंमत त्यांच्यातही होती. त्यांची इंजिनं पुरी पडली नाहीत. पोरांना बघायचंय की या इंजिनात असं काय होतं की ते समुद्र पार करून गेलं.

व्हॉल्व्ह घासायचं काम माझ्याकडे आहे. मुलीनं एक कागद केलाय. त्यावर प्रत्येक कामाला दोन सह्या. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. आपल्या वर्कशॉपमध्ये होता तसाच. करणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे. तपासणाऱ्याची जागा कोरी आहे.

येतोस का? जुनं काही काढणार नाही. फक्त व्हॉल्व्ह.

तुझा,
सुखदेव


कात्रज
बुधवार, १४ जानेवारी २०२६

प्रिय गोपाळ,

आज संक्रांत, आणि तिळगुळाच्या आधी तुझं कार्ड आलं. मी पोस्टमनला आत बोलावून वडी दिली. तो बिचारा विचारतोय, "आजोबा, नोकरी लागली का कुणाला?"

कार्डावर एकच ओळ. ‘व्हॉल्व्ह भरीव आहेत की पोकळ?’ खुशाली नाही, सही नाही, मायना नाही. राधा म्हणाली, "हे काय पत्र झालं?" मी म्हटलं, गोपाळचं आहे, याहून लांब लिहिलं असतं तर मला काळजी वाटली असती.

पोकळ आहेत रे. एक्झॉस्टचे नऊच्या नऊ पोकळ, आणि पोकळीत अर्ध्यापर्यंत सोडियम. तनया मॅडमनी मुलांना समजावलं ते मी मागे बसून ऐकलं आणि पहिल्यांदा मला ते डोळ्यांसमोर दिसलं. आपण बावीस वर्षं एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह हाताळले, तो लाल होतो, वाकतो, जळतो, हे आपल्याला तोंडपाठ. त्या काळच्या विमानांचा जीव तिथंच जायचा. तास-दोन तास ठीक, पण वीस-तीस तास सतत आग सोसायची म्हणजे त्याचं डोकं तापून पांढरं व्हायचं आणि तुटायचं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की दांडी पोकळ करू आणि आत सोडियम भरू. इंजिन तापलं की ते वितळतं. व्हॉल्व्ह वरखाली होतो तसं ते आत ताकासारखं घुसळतं, डोक्याची उष्णता उचलून दांडीकडे नेतं, दांडीतून ती बाहेर जाते. समुद्र ओलांडला तो त्या घुसळण्यानं. मी एवढा खूश झालो की मुलांच्या आधी मीच टाळी वाजवली.

आता घरी काय केलं ते वाच. राधाची पुऱ्यांची कढई घेतली, तेल चांगलं तापवलं. व्हॉल्व्हचं डोकं तेलात बुडवायचं आणि दांडीचं वरचं टोक चिमटीत धरायचं. आत सोडियम शाबूत असेल तर उष्णता सरसर वर चढते आणि चिमूट सोडावी लागते.

राधा दारात उभी. "माझ्या कढईत आता मोटार तळताय का?"

"मोटार नाही, विमान."

"मग तेल गाळून ठेवा. आणि कढई नवी आणा."

आठ व्हॉल्व्हला वीस आकडे मोजायच्या आत चिमूट सुटली. नववा जरा थंड राहिला. तो शेवटी घेतला होता, तोवर तेल निवलं असणार.

कार्यक्रम रविवारी, १ फेब्रुवारीला. पाहुणे बोलावलेत, मांडव घालणार आहेत. भिंतीएवढा नकाशा लावलाय, दर तासाला एक टाचणी पुढे लावायची, म्हणजे इंजिन इथंच आणि विमान समुद्रावर. तू पहिल्या रांगेत बसायचंस.

सुखदेव


कात्रज
बुधवार, २१ जानेवारी २०२६

गोपाळ,

दुसरं कार्ड मिळालं. ‘नववा थंड का?’

तीन दिवस ते कार्ड आरशाच्या फटीत खोचून ठेवलंय. दाढी करताना वाचतो. आता दाढी करायचंच थांबवलंय.

तेल निवलं नव्हतं. तुलाही ते माहीत आहे, म्हणून तर विचारलंस. मी दुसऱ्या दिवशी तेल नव्यानं तापवून नववा एकटाच बुडवला. साठपर्यंत मोजलं. चिमूट तशीच. मग सराफाच्या ओळखीनं त्याच्या काट्यावर नऊही तोलले. आठ एकमेकांच्या जवळपास आणि नववा हलका. आतलं सोडियम कधीच निघून गेलंय. म्हणजे त्याला कुठेतरी बारीक चीर आहे. हा व्हॉल्व्ह आठ-दहा तास ओढेल. पुढे तो तुटणार आणि तुटला की सिलिंडरसकट सगळं घेऊन जाणार, समोर पोरं उभी असताना.

हे मला सहा दिवस माहीत आहे आणि मी तनया मॅडमना सांगितलेलं नाही. दुसरा व्हॉल्व्ह जगात शोधायला लागेल. मांडवाचं सामान येऊन पडलंय. पोरं रोज संध्याकाळी येऊन म्हणतात, "काका, तुमच्यामुळे होतंय हे." ते ऐकायला गोड लागतं रे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणी असं म्हणत नाही.

पण तू विचारलंस तेव्हा मला नववा दिसला नाही. सत्त्याण्णव सालचा दिसला. पहिल्या पत्रात जुनं काढणार नाही असं लिहिलं होतं, ते मोडतो.

तो दिवस तुझ्या वडिलांच्या श्राद्धाचा होता. तुला अकराला निघायचं होतं. फ्लाइंग क्लबच्या त्या छोट्या विमानाचं इंजिन दुपारी द्यायचं होतं. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मी बसवत होतो. तू कागदावर तपासणाऱ्याच्या जागी आधीच सही केलीस आणि म्हणालास, "तुझा हात आहे ना, मग मी काय बघायचं?" आपल्या वर्कशॉपमध्ये दुसरं कुणी कुणाला असं म्हणालं नसतं. तिथे सगळे एकमेकांवर डोळा ठेवून असायचे. आपल्या दोघांतच ते चालायचं, आणि त्याचा मला केवढा अभिमान.

गोपाळ, तू गेल्यावर मी दांडी मोजली. दोन थाऊ बारीक होती, इंचाचे दोन हजारावे भाग. केसाएवढाही फरक नाही, पण मापाच्या खाली. नवा व्हॉल्व्ह यायला आठवडा होता. साहेब दोनदा येऊन गेले. मी कागदावर ‘मापात’ असं लिहिलं आणि बसवला.

अकराव्या दिवशी तो हवेत तुटला. विमान लोणीकडे उसाच्या शेतात उतरलं. चौकशीच्या खोलीत तुकडे टेबलावर मांडले होते. दांडी चेपून गेलेली, मोजता येण्यासारखी नव्हती. त्यांनी विचारलं, तपासलं कुणी? तू म्हणालास, "सही माझी आहे." मग माझ्याकडे बघितलंस. मी माझ्या हातांकडे बघत बसलो. सहीची वेळ कामाच्या आधीची निघाली, म्हणून तुझं लायसन्स गेलं. मी तिथंच निवृत्त झालो, हार घालून.

का गप्प बसलो, याचं उत्तर मी स्वतःला वर्षानुवर्षं असं देत आलो : त्या बाकावर बसणारा आमच्या वस्तीतला मी पहिला. माझी चूक निघाली असती तर ‘सुखदेव चुकला’ असं कुणी म्हटलं नसतं, ‘हे लोक असेच’ म्हटलं असतं, आणि माझ्या मागून येणाऱ्या पोरांना दार बंद झालं असतं. ते खोटं नाही. तुला ते सांगितलं असतं तर तू समजला असतास. पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं एवढंच की मी घाबरलो.

उद्या सकाळी मॅडमना नवव्याचं सांगतो. हे पत्र आधी पेटीत टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

सुखदेव


कात्रज
गुरुवार, २९ जानेवारी २०२६

प्रिय गोपाळ,

सांगितलं. ऐक काय झालं.

मी व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला आणि सगळं बोललो. तेल, काटा, सहा दिवस. तनया मॅडम ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "काका, पाहुण्यांना पत्रं गेलीत."

"माहीत आहे."

"आणि हे तुम्ही गेल्या आठवड्यात सांगू शकला असतात."

"हो."

"मग का नाही सांगितलंत?"

आता उत्तर द्यायचं तर सत्त्याण्णवपासून द्यावं लागलं. तेही दिलं. मला वाटलं, झालं, आता म्हणेल काका घरी जा. तिनं काय केलं, तर फोन उचलून मांडववाल्याला सांगितलं, "तीन आठवडे पुढे." मग व्हॉल्व्ह घेऊन गेली ती थेट लॅबमध्ये. आम्ही तो उभा कापला. आत काय असावं? काही नाही. रिकामा. आणि डोक्याखाली मानेला नखाएवढी चीर. पोरं त्या चिरेचे फोटो काढत सुटली. एक जण म्हणतो, "काका, ही चीर समुद्राच्या मधोमध उघडली असती तर?" मी म्हटलं, तर तुला तिचा फोटो काढता आला नसता.

आणि आता आनंदाची गोष्ट. आम्ही नवा करतोय. शंभर वर्षांपूर्वीचा व्हॉल्व्ह, पुण्यात, फेब्रुवारीत. भोसरीच्या एका वर्कशॉपनं दांडी आतून कोरून द्यायचं कबूल केलंय. सोडियम कॉलेजच्या केमिस्ट्रीची माणसं भरणार. मला त्या खोलीबाहेर उभं राहावं लागणार, कारण पाण्याचा थेंब लागला तरी ते पेटतं आणि मला बोलताना थुंकी उडवायची सवय आहे, असं मॅडमचं म्हणणं. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यावर, घासायचं काम मात्र माझंच. रात्री डोळे मिटले तरी तळहात गोल फिरत असतात. राधा पांघरूण ओढून घेते.

मी मॅडमना म्हटलं, तपासायला आता दुसरं कुणी बघा, गोपाळला मी कुठल्या तोंडानं बोलावू? त्या म्हणाल्या, "त्यांनाच बोलवा. न बघता सही करणार नाही असा पुण्यात आता तेवढा एकच माणूस असेल."

हे लिहून होतंय तोवर तुझं तिसरं कार्ड आलं. ‘मला तेव्हाच कळलं होतं. शौनकला अजून कळलेलं नाही.’

वाचलं. शौनकचं बघतो. आधी हा व्हॉल्व्ह होऊ दे.

सुखदेव


कात्रज
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

गोपाळ,

गेले अठरा दिवस मी तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ‘शौनकचं बघतो’ हेच पुन्हा लिहिलं असतं. तू बघ किती बरोबर ओळखतोस मला. मागच्या सबंध कबुलीत मी त्या विमान चालवणाऱ्या पोराचं नावसुद्धा घेतलं नाही. उसाच्या शेतात विमान उतरलं असं लिहिलं, जसं काही ते रिकामंच होतं.

काल गेलो होतो. शनिवार पेठेत गणिताचे क्लास घेतो. पन्नाशीला आलाय. डावा पाय गुडघ्यात वाकत नाही, खुर्चीवर बसला की तो पाय समोर सरळ राहतो आणि मुलं त्याला वळसा घालून जातात. मी नाव सांगितलं. ओळखलं नाही. कशाला ओळखेल? मी त्याला भेटायला हॉस्पिटलातही गेलो नव्हतो.

उभ्या उभ्या सांगितलं. आधी कॉलेजातलं इंजिन, मग सत्त्याण्णव साल. व्हॉल्व्ह मापात नव्हता, मला माहीत होतं, मी ‘मापात’ लिहिलं.

त्यानं फळ्यावरचा खडू खाली ठेवला. म्हणाला, "रिपोर्टमध्ये होतं, व्हॉल्व्ह मापात असल्यानं तो चालकानं थ्रॉटल एकदम ओढल्यामुळे तुटला असावा."

मी म्हटलं, "ते मी लिहिलेल्या त्या एका शब्दावरून निघालं."

"म्हणजे मी ओढला नव्हता?"

"तू कसाही ओढला असतास तरी तो तुटणारच होता."

गोपाळ, तो वीस वर्षांचा होता तेव्हा. त्याला वाटत राहिलं की हात आपला चुकला. पाय बरा झाल्यावर डॉक्टरांनी उडायची परवानगी दिली होती म्हणे. ह्यानंच पुन्हा इंजिनाची गती सांभाळणाऱ्या त्या लिव्हरला हात लावला नाही. हे मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला मी कुठे गेलो होतो? तुझं लायसन्स गेलं ते मी रोज आठवायचो आणि स्वतःला शिक्षा केल्यासारखं समाधान मानायचो. ह्याचं काय गेलं ते विचारलंच नाही.

मग तो रागावला. आवाज चढवला नाही. "तुम्ही चहाला बसू नका," एवढंच म्हणाला. मी जिना उतरलो. मागून वरून आवाज आला, "तुमचं ते इंजिन कुठं आहे म्हणालात?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं. रविवार, २२ तारीख, सकाळी सहा. त्यानं खिडकी लावून घेतली.

नवा व्हॉल्व्ह आलाय. कढईत घातला, पंधराच्या आत चिमूट सुटली. घासून ठेवलेत नऊही. शनिवारी दिवसभर मी तिथं आहे. तुझी वाट बघत नाही असं म्हटलं तर तू म्हणशील, याची खोटं बोलायची सवय गेली नाही.

सुखदेव


कात्रज
मंगळवार, २४ फेब्रुवारी २०२६

प्रिय गोपाळ,

आवाज बसलाय, कान अजून घोंघावताहेत, राधा बोलते ते मला अर्धं ऐकू येतं आणि त्यात तिला फार बरं वाटतंय. पण हात चालतो, तेव्हा सगळं सांगतो. शनिवारी काम संपवून तू निघून गेलास. चालताना बघायला थांबला नाहीस, ते का हे मी विचारत नाही.

शनिवारचं मात्र माझ्या बाजूनं लिहू दे. तू रिक्षातून उतरलास, काठी टेकत आलास आणि मला ओलांडून थेट मॅडमना विचारलंस, "पाट आहे का बसायला?" मग भिंग काढलंस. एकेका सिलिंडरमध्ये रॉकेल ओतून घड्याळ समोर ठेवून बसलास. ऐंशी वर्षांच्या माणसानं अकरापासून साडेचारपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. मी बाकावर परीक्षेच्या पोरासारखा. पाचव्यापाशी आलास, रॉकेलचा एक थेंब पाझरला, आणि तू मान वर न करता म्हणालास, "हा परत."

एकोणतीस वर्षांनी माझ्याशी बोललेले पहिले दोन शब्द. दुसऱ्या कुणाला ते लागले असते. मी पेस्टची डबी घेऊन पळालो. तासभर घासला, तू पुन्हा रॉकेल ओतलंस, पुन्हा दहा मिनिटं घड्याळ, आणि मग पुढच्याकडे वळलास. नऊही बघितलेस. सही केलीस ती शेवटी, पेन दोनदा झटकून.

आता रविवार. सहाला पाच कमी. पंखा फिरवला, दोनदा खोकलं, धूर काढला आणि लागलं. गोपाळ, नऊ सिलिंडर एका सुरात. पायाखालची जमीन शिवणयंत्रासारखी थरथरत होती. पाहुण्यांचे कागद उडाले, भाषण कुणाला ऐकू आलं नाही, चांगलंच झालं. पहिली टाचणी मी लावली.

दर तासाला एक पोर तेल बघायचं, एक तपमान लिहायचं. वर रॉकर म्हणजे व्हॉल्व्हला दाबणाऱ्या पट्ट्या, त्यांचं वंगण त्या काळी विमान उडत असताना कुणी घालू शकत नसे. म्हणून ह्या इंजिनाला त्यांनी वंगणाची मोठी भांडी आधीच जोडली होती, अख्खा समुद्र पुरेल एवढी. आम्हीही वर हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. अकराव्या तासाला सातव्याचं तपमान चढलं. मॅडम म्हणाल्या, "थांबवू या?" मी ऐकायच्या नळीला कान लावला, मग लांब बांबूनं चाचपलं. वारा अडवणारा एक पत्रा ढिला होऊन सातव्यासमोर आला होता. बांबूनंच मागे ढकलला. दहा मिनिटांत तपमान खाली आलं. मला अंधार पडायच्या आत गाडीत घालून घरी धाडलं, ‘काका, झोपा, नाहीतर आधी तुम्ही बंद पडाल’ म्हणून. झोपतोय कोण? घाटाकडून वारा आला की ऐकू यायचं. राधा म्हणाली, "चालू आहे हो, मलाही ऐकू येतंय."

सोमवारी सकाळी पोचलो तेव्हा टाचण्या समुद्राच्या पलीकडे जमिनीजवळ आल्या होत्या. पोरांचे डोळे लाल, चेहऱ्यावर तेल, एक जण उभ्यानं झोपलेला. आणि नकाशासमोर खुर्चीवर, पाय सरळ पसरून, शौनक.

कधी आला ते मॅडमनी सांगितलं, पहाटे पाचला. कुणाशी फारसं बोलला नव्हता. माझ्याकडे बघितलं नाही. मीही जवळ गेलो नाही. दुपारपर्यंत तो नुसता ऐकत होता. मान थोडी कलती करून, आपण वर्कशॉपमध्ये ऐकायचो तसा. तीन वाजले. सव्वातीन. शेवटची टाचणी किनाऱ्यावर लागली तेव्हा पोरांचा ओरडा इंजिनाच्या वर गेला.

साडेतीनला बंद करायचं होतं. लिव्हर मॅडमच्या हातात होता. त्या शौनकजवळ गेल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग तो उठला. पाय ओढत आला, लिव्हरवर हात ठेवला आणि तसाच थांबला. घड्याळ साडेतीनच्या पुढे गेलं. मग त्यानं हळूहळू, अगदी हळू, मागे घेतला. गती उतरली. नऊही सिलिंडर शेवटपर्यंत एका सुरात. पंखा एकेक पातं दिसेपर्यंत मंदावला आणि थांबला. इतकी शांतता की कुणाचा तरी स्टीलचा पेला खाली पडला तो सगळ्यांनी वळून बघितला.

शौनक लिव्हर सोडेना. मॅडमना म्हणाला, "मी एवढ्याच हलक्या हातानं ओढायचो."

त्या म्हणाल्या, "दिसलं आम्हाला."

तो निघाला तेव्हा मी फाटकापाशी होतो. वाटेत आलो नाही, पण बाजूलाही झालो नाही. तो थांबला. माझ्या खुशालीचं विचारलं नाही, माफ केलं असं म्हणाला नाही, आणि ते म्हणायला मी त्याला सांगणारही नाही. त्यानं विचारलं, "चौकशीत ‘सही माझी आहे’ म्हणाले ते गृहस्थ कुठे राहतात?"

मी तुझा पत्ता दिला. त्यानं दोनदा म्हणून घेतला. गुरुवारी क्लासला सुट्टी असते म्हणाला.

तुझा जिना मला आठवतो, अरुंद आणि मध्येच वळणारा. त्याचा डावा पाय वाकत नाही. गुरुवारी संध्याकाळी तू खाली येऊन बस.

तुझा,
सुखदेव